देवांच्या वाडीतला पाट

बोळिंज, रविवार

ती. प्रेमलतावन्संना विमलाचा वाकून नमस्कार (गुडघा वाकत नाही, पण पत्रात वाकायला काय जातंय). तुमचा खोकला कसा आहे? आमच्याकडे सगळे खुशाल, तुमचे बंधू सोडून.

आमच्या ओवीच्या बारशाला तुम्ही पोरांना सांगितलंत की आकाशगंगा म्हणजे देवांच्या वाडीतला पाट, आणि शिंपणं करताना कडेला उडालेले थेंब त्या चांदण्या. सासूबाईंचीच गोष्ट ती. त्यावर हे (बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं, ते कुठे जाणार) सगळ्यांदेखत म्हणाले, शंभर अब्जांहून जास्त तारे आहेत, आपण त्यांच्या आतच राहतो, पोरांना अडाणीपणा शिकवू नकोस. तुम्ही न जेवताच चांदीपला घरी निघून गेलात. त्याला चौदा महिने झाले. फोन वाजला की हे आधी धावतात, आणि तुमचा नसला की ज्याचा असेल त्याच्यावर खेकसतात.

तर परवा यांनी अख्ख्या इमारतीला आकाशगंगा दाखवायची ठरवली. दिवे अर्धा तास बंद. वॉचमनने उत्साहात मेन स्विचच पाडला आणि आमच्या मजल्यावरचे सॅन्टनभाऊ बटाटेवड्यांच्या परातीसकट लिफ्टमध्ये अडकले (बाहेर आले तेव्हा परात बरीच हलकी झाली होती). गच्चीवर चाळीस माणसं माना वर करून उभी. शेजारच्या टर्फवर मात्र क्रिकेट जोरात, त्या दिव्यांनी आभाळ पार फिकट. चार तारे दिसले, त्यातलं एक विमान निघालं. माणसं जिन्याकडे वळू लागली. तेव्हा वन्सं, यांनी काय करावं? शंभर अब्ज बाजूला ठेवले आणि सासूबाईंचा पाट सांगायला घेतला. देव पाणी कसं वळवतो ते हातवारे करून दाखवलं. गेलेली माणसं परत येऊन बसली. "माझी आई सांगायची," असं म्हणाले, तेही सगळ्यांदेखत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र रडू आलं.

बाकी ठीक. भाओजींना नमस्कार, वासराला माझ्यातर्फे थोपटा.

तुमची
विमला

ता. क. खरं कारण आता लिहिते. तुमच्या अंगणात अजून अंधार आहे. येत्या अमावस्येला काहीतरी निमित्त काढून यांना बोलवा, पंपाची मोटर बिघडली म्हणा. ते स्वतःहून जन्मात विचारणार नाहीत, आणि या पत्राबद्दल त्यांना काहीच ठाऊक नाही.

ता. क. २. पाकिटावर पत्ता लिहायला घेतला तर तो आधीच लिहिलेला. अक्षर यांचं. खाली बारीक लिहिलंय, "ताई, येऊ का?"