तिसरं गाठोडं

आये, तू गेलीस तेव्हा मी मोहोपाड्याच्या कंपनीत वायरमन होतो. आता केस पिकले, तरी कामावर जातो. खालापूरच्या बाजूला एक मोठी बिनखिडक्यांची इमारत आहे, तिला डेटा सेंटर म्हणतात. आत माणसं कमी, कपाटांत थप्पीनं रचलेली यंत्रंच जास्त, आणि गारवा असा की तू घोंगडी मागितली असतीस. वायरी ओढता ओढता, पोरांना विचारत विचारत मी तिथलं काम शिकलो. काय करतोस म्हणून तू विचारलं असतंस तर म्हणालो असतो, तुझंच काम करतो, बी राखतो.

कसं ते सांगतो. एका मोठ्या यंत्राच्या पोटात अनेक लटकी यंत्रं चालवतात. लटकी म्हणजे हात लावायला काही नाही, पण काम खऱ्यासारखं. प्रत्येकाला वाटतं, आपली स्वतःची अख्खी डिस्क आहे, आपली कणगी आहे. खरं तर ती कणगी एका जागी नसतेच. तिच्यातल्या मालाचे सारख्या मापाचे तुकडे पाडतात, त्यांना ब्लॉक म्हणतात, आणि प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन निरनिराळ्या कपाटांतल्या यंत्रांत ठेवतात. कुठला तुकडा कुठं आहे, याची नोंद असते. एक यंत्र बंद पडलं तर उरलेल्या प्रतींवरून नवी प्रत दुसरीकडे तयार होते, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. कपाटंही वेगवेगळ्या विजेवरची लागतात. तिन्ही एकाच लाइनवर असली तर तीन कशाला करायच्या?

तूही तांबड्या भाताचं बी तीन घरी ठेवायचीस. एक आपल्याकडे, एक पलीकडच्या आळीत मामाकडे, आणि तिसरं वर ठाकुरवाडीला धाकट्या मावशीकडे. तिचा नवरा तिथं रेल्वेत गँगमन होता. एकदा मी वैतागून म्हणालो, "मामाकडं हाय ना, मग घाटात कशाला?" भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "मामाच्या दारातली नदी येगळी हाय का रं?"

त्या वर्षी मावशीकडचं बियाचं गाठोडं घेऊन निघालो आणि कर्जतला गाडी चुकली. दुपारची पाळी गाठायची होती. तसाच मोहोपाड्याला गेलो, गाठोडं कंपनीतल्या माझ्या कपाटात ठेवलं. रविवारी नेऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू चुलीपुढून विचारलंस, "पोचलं का रं?" मी म्हणालो, "पोचलं." मग किती रविवार गेले. शेवटी कपाट उघडलं तर उंदरांनी कोंडा तेवढा ठेवला होता.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात नदी आपल्याही घरात शिरली, मामाच्याही. पेरलेलंही वाहून गेलं. तू निरोप धाडलास तशी मावशी स्वतःच खाली आली. "माज्याकडं कायबी आलं नाय गं." तू म्हणालीस, "शिजवून खाल्लंस तर तसं सांग. माजा पोरगा काय खोटं बोलंल?" मी दारात उभा होतो, आये. मावशीनं माझ्याकडे बघितलं, मी बाहेर चिखलाकडे. ती न जेवता उठली, ती परत आली तुझ्या दहाव्यालाच. आणि तांबडा भात पुन्हा आपल्या ताटात आला नाही.

आमच्या यंत्रांत एक गोष्ट मला फार आवडते. काही लिहायचं झालं की ते तिन्ही ठिकाणी धाडतात, आणि तिन्हीकडून 'पोचलं' असं उत्तर आल्याशिवाय यंत्र 'झालं' म्हणत नाही. परवा एक बिघडलेलं यंत्र बदललं, प्रती भरून येत होत्या. शेजारची नवी इंजिनियर मुलगी म्हणाली, "काका, होतच आलंय. काम संपलं म्हणून लिहू का?"

"थांब गं बाय, शेवटचा तुकडा बसू दे."

"तुम्ही ना काका, मशीनपेक्षा हट्टी!"

ती हसली. मला हसू येईना.

मावशी आता कर्जतला लेकाकडे असते. दिसतं कमी, ऐकू चांगलं येतं. तुझा विषय निघाला की अजून म्हणते, "ताईनं मला चोर ठरवली." मी चहा संपवून उठतो. हे तुला लिहितोय, कारण हे कुठं पोचणार नाही; तुला सांगणं सोपं आहे. खरं सांगायचं ते तिला. रविवारी जाईन म्हणतोय.

पण आये, रविवारी असं मी तेव्हाही म्हणालो होतो.