तोमाशवर चाललेली मोस्कोव्का आणि माझी बाकीची मिळकत

मी, यागोश मिर्कोचा मुलगा चुपिच, राहणार दोन्या लुका, निक्शिच शहराच्या वरच्या डोंगरात, धंद्याने सुतार, आता निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं नाहीत, पण लिहायला ती लागत नाहीत. कुणी दडपण आणलेलं नाही. बायको स्तानिया शेजारी बसून ओळ न् ओळ वाचते आहे, त्याला दडपण म्हणायचं असेल तर म्हणावं. यापूर्वीचं मृत्युपत्र मी चुलीत घातलं आहे.

कलम १. राहतं घर आणि त्यामागची आलुबुखाराची बाग स्तानियाकडे, ती असेपर्यंत. तिच्यामागे अर्धं मुलगा मिलिसाव याला आणि अर्धं मुलगी पेरुनिका हिला. आमच्याकडे मुली कचेरीत जाऊन भावासाठी हक्क सोडतात आणि सगळे त्यांचं कौतुक करतात. पेरुनिकाने असलं काही करू नये. सहीसाठी कुणी कागद पुढे केला तर तो फाडावा, असं बाप या नात्याने सांगतो.

कलम २. दारू गाळायची तांब्याची भट्टी मिलिसावला. आच मंद ठेवावी. हे त्याला तीस वर्षं सांगतो आहे.

कलम ३. सुतारकामाची हत्यारं गावच्या चर्चला, दुरुस्तीसाठी. चर्चचं दार मीच बसवलं होतं. ते घासतं, हे मला माहीत आहे, आणि ते माझ्यामुळे नाही, उंबरा खचल्यामुळे घासतं.

कलम ४. आता बंदुका. बैठकीच्या भिंतीवरच्या सगळ्या परवान्यातल्या आहेत. इटालियन, स्विस, तुर्की माउझर, खलाशाकडून मिळालेली जपानी, आणि इंग्रजांची एक, जिच्यावर हिंदुस्थानातल्या इशापूर कारखान्याचा शिक्का आहे. ती मला इटलीतल्या एका शेतकऱ्याने दिली. महायुद्धात त्याच्या गोठ्यात झोपलेला हिंदी शिपाई ती मागे ठेवून गेला होता. दस्त्यावर त्याने चाकूने काहीतरी कोरलं आहे. नाव असावं. ते वाचणारा मला अजून भेटला नाही, म्हणून मी तो दस्ता कधी घासला नाही. या सर्व बंदुका मिलिसावला. पोलिसांना आधी कळवावं. विकायच्या तर एकत्र विकाव्यात, आणि ज्या बंदुकीच्या बोल्टवर तिचाच क्रमांक कोरलेला आहे तो बोल्ट दुसरीत घालू नये. व्यापारी घालायला सांगतील. ऐकू नये.

कलम ५. बुद्वाचा व्यापारी ल्युबिशा याने माझ्याकडून पाहायला नेलेली जुनी वेटर्ली बंदूक वार्निश लावून परत आणली. शंभर वर्षांच्या लाकडावर वार्निश! तो माझ्या मयताला आला तर येऊ द्यावं, पण त्याला माझी दारू पाजू नये.

कलम ६. राहिली ती लांब नळीची रशियन बंदूक, जिला आम्ही मोस्कोव्का म्हणतो. माझ्या आजोबांची. माझ्या संग्रहातली पहिली. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण वकिलाला कळायला हवं की मी शुद्धीवर होतो.

नऊ वर्षांपूर्वी पेरुनिकाचं लग्न होतं. नवरीच्या अंगणातल्या झाडाच्या शेंड्याला सफरचंद बांधतात. वराकडच्यांनी ते गोळीने पाडायचं, त्याशिवाय नवरी मिळत नाही. नवरीचे भाऊ त्यांना छळतात, तीही रीतच. माझा धाकटा तोमाश अक्रोडावर चढून बसला आणि सफरचंदाची दोरी हलवू लागला. नवऱ्याचा भाऊ वुकोटा दाबानोविच याचे दोन बार चुकले, मग त्याची बंदूक अडकली. लोक हसायला लागले. "अरे, नवरी म्हातारी होईल!" असं कुणीतरी ओरडलं. वराकडच्यांनी मागितली तर नवरीच्या बापाने घरची बंदूक द्यायची असते. मी भिंतीवरची मोस्कोव्का उतरवून दिली. वुकोटाने बार काढला आणि त्याच क्षणी तोमाश फांदीवरून पुढे वाकला.

कोर्टाने वुकोटाला शिक्षा दिली, ती त्याने भोगली. पेरुनिका तीन महिन्यांनी वाजंत्रीशिवाय, एका पेटीनिशी, त्याच घरात नांदायला गेली. "चूक दिराची आहे, नवऱ्याची नाही," एवढंच बोलली. त्यानंतर ती या घरी आलेली नाही. तिची मुलगी मी फक्त फोटोत पाहिली आहे.

कोर्टाने रक्ताचं वैर मिटत नाही. आमची रीत अशी की ज्याच्या हातून माणूस गेला त्याने तीच बंदूक गळ्यात अडकवून, उघड्या डोक्याने, गुडघ्यांवर गेलेल्याच्या दारात यायचं. घरच्यांनी ती गळ्यातून काढायची आणि त्याला उठवायचं. उठवला की तो भाऊ. वुकोटा यायला तयार होता, तुरुंगातूनच निरोप पाठवला होता. पण बंदूक कोर्टातून परत येऊन माझ्या भिंतीवर! ती मी त्याच्या दारी नेऊन द्यायची म्हणजे गेलेल्याचा बाप मारणाऱ्याकडे चालत गेला असं होतं. दुसरी बंदूक चालत नाही. त्यामुळे नऊ वर्षं ती इथे आणि तो तिथे.

मिलिसाव बार नावाच्या बंदरातल्या जहाजांवर मेकॅनिक आहे. लग्नाच्या वेळी समुद्रावर होता, भावाच्या मयतालाही पोचला नाही. रविवारी येतो, जेवतो, आणि जाताना त्या बंदुकीकडे बघतो. गेल्या ईस्टरला म्हणाला, "बाबा, तुम्ही आहात तोवर मी गप्प आहे. तुमच्यामागे ही खाली उतरेल." माझ्या मुलाला मी ओळखतो. तो उगीच बोलत नाही. मला त्याची भीती वाटते, आणि त्याच्यासाठीही वाटते.

म्हणून: सदर मोस्कोव्का माझ्या मृत्यूनंतर वुकोटा दाबानोविच याच्या मालकीची होईल. मग ती त्याची. त्याने ती गळ्यात घालून माझ्या दारात यावं, आणि आमच्यापैकी कुणाला त्याच्या दारी जावं लागणार नाही.

दोन्या लुका, ४ ऑक्टोबर २०२१. (सही) यागोश चुपिच

पुरवणी पहिली.

वरची सही वाळायच्या आत स्तानिया म्हणाली, "शहाणेच आहात! तो गुडघ्यांवर येईल तेव्हा दारात कोण असेल?"

"मिलिसाव."

"आणि तुम्ही?"

मी पेनचं टोपण लावत बसलो.

"पेटीतून उठून त्याचा हात धरणार आहात का? बंदुका पुसायला दोन्ही हात चालतात, तेव्हा फुप्फुसं आठवत नाहीत. जिवंतपणी जायची लाज वाटते म्हणून मेल्यावर कागद पाठवताय."

नवऱ्याला असं बोलायला नको होतं, याची नोंद करून ठेवतो.

रविवारी मिलिसाव आला. टेबलावर कागद होता, त्याने वाचला. मी वाचू दिला. कलम सहावर येऊन थांबला.

"बाबा, हे खोडा."

"नाही."

"ती बंदूक त्याच्या घरी गेली तर मीही तिच्यामागून जाईन."

"मग कशाला जातोस? तो येईल. गुडघ्यांवर येईल."

"येऊ दे ना," तो म्हणाला. "सोपं पडेल."

स्तानियाच्या हातातलं चिनी मातीचं ताट खाली पडलं. मिलिसावने तुकडे गोळा केले, आईच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेला. जेवला नाही.

म्हणून कलम ६ मी याद्वारे रद्द करतो. मयताचा कागद हे काम करू शकत नाही. मोस्कोव्का उद्या मी स्वतः नेतो. पुरवणी कुणी वाचेल तेव्हा मी परत आलो की नाही हे त्याला माहीत असेल, मला आत्ता नाही. स्तानियाने माझा काळा कोट काढून ठेवला आहे.

१० ऑक्टोबर २०२१. (सही) यागोश चुपिच

पुरवणी दुसरी.

दाबानोविचांचं घर नदीपलीकडे आहे. सोमवारी गाडी खाली ठेवली आणि चढ चालून गेलो, तीन वेळा बसावं लागलं. खांद्यावर बंदूक घेऊन चढणारा म्हातारा त्यांना लांबूनच दिसला असणार. वुकोटा दारात येऊन उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं, बंदुकीकडे पाहिलं, आणि दार मागे ओढून घेतलं.

"मुलं आत आहेत, काका," तो म्हणाला. "आपण कुंपणापलीकडे जाऊ. मी येतो."

तो खरंच चालू लागला, माझ्याकडे पाठ करून. मला ओरडायचं होतं, पण दम कुठे होता! हाक मारायला वेळ लागला आणि तेवढ्या वेळात तो चार पावलं पुढे गेला, मान ताठ ठेवून. आयुष्यात इतकी लाज मला वाटली नव्हती.

"वुकोटा! अरे, घे ही. तुझी आहे. कधी यायचं ते तू ठरव."

पेरुनिका कोठाराच्या दारात उभी होती. तिने मला हाक मारली नाही, मीही मारली नाही. रीत पुरी झाल्याशिवाय बोलता येत नाही. पण तिची मुलगी स्कर्टआडून माझ्याकडे बघत होती.

आज रविवार. तो आला. मिलिसावला मी सांगून ठेवलं होतं, लपवलं नाही. फाटकापासून वुकोटा गुडघ्यांवर आला, डोकं उघडं, मोस्कोव्का गळ्यात. अंगणात पाद्री गाव्रिलो आणि गावची माणसं होती. मी दारात होतो. मिलिसाव माझ्या पुढे गेला आणि मी त्याला धरू शकलो नाही.

त्याने बंदूक वुकोटाच्या गळ्यातून काढली. बोल्ट मागे ओढला. आत बोट घालून पाहिलं, रिकामी होती. खिशात हात घातला आणि तो हात तसाच खिशात ठेवला. खिशात काय होतं ते मला माहीत आहे. कपाटातली एक गोळी सकाळपासून कमी होती.

"तू झाडाखाली होतास," तो म्हणाला. "वरून तो काहीतरी ओरडला, असं सगळे म्हणतात. आवाजात कुणालाच कळलं नाही. काय म्हणाला?"

वुकोटाने मान वर केली नाही. "हसत होता. म्हणाला, 'राहू दे रे, आंधळ्या! सफरचंद वाळून आपोआप पडलं की मग ने माझी बहीण!'"

मग मिलिसावच्या तोंडून एक आवाज निघाला. आधी मला तो हसला असं वाटलं.

"त्याचंच बोलणं," तो म्हणाला. "बाबा, ऐकलंत? अगदी त्याचंच बोलणं."

नऊ वर्षं तोमाशचा शेवटचा शब्द या एकाच माणसाजवळ होता आणि आम्ही त्याला दारात येऊ दिलं नव्हतं.

मिलिसावने खिशातला हात रिकामा बाहेर काढला आणि वुकोटाला दंडाला धरून उठवलं. स्तानियाने मीठ-भाकर आणली. संध्याकाळी पेरुनिका तिच्या मुलीला घेऊन आली.

यास्तव आता पुन्हा घरची झालेली मोस्कोव्काही कलम ४ प्रमाणे मिलिसावला. वुकोटा दाबानोविच याला माझ्या मिळकतीतून काहीही दिलेलं नाही, म्हणून कायद्याने तो या मृत्युपत्रावर साक्षीदार राहण्यास पात्र आहे. बाकी सर्व कलमं कायम. ल्युबिशाला दारू पाजू नये.

आम्हां दोघांसमक्ष यागोश चुपिच याने हे वाचून दाखवलं आणि सही केली:

१. गाव्रिलो, पाद्री, दोन्या लुका

२. वुकोटा दाबानोविच, या घरचा मुलगा

दोन्या लुका, १७ ऑक्टोबर २०२१. (सही) यागोश मिर्कोचा मुलगा चुपिच