जिन्याचा रंग

२ फेब्रुवारी
लेकीचा फोन. महिनाअखेरीस येतेय, चांगले तीन आठवडे राहणार. सोबत भिंगरी. नातीला हे नाव मीच ठेवलं. अडीच वर्षांची झाली, पण एका जागी बसलेली अजून कुणी पाहिली नाही.
दोघी वरच्या खोलीत झोपणार. वर जायला अंगणातून लोखंडी जिना आहे. जिना गंजलाय. समुद्र इतका जवळ असल्यावर गंजणारच, त्यात माझा काय दोष. संकल्प: जिना मी स्वतः घासून, धुऊन, रंगवून नवा करणार. बाहेरचा माणूस नको.

४ फेब्रुवारी
बायकोने न विचारता तिच्या भावाला बोलावलं. मेहुण्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि आवाजही वर्कशॉपएवढा. हातोडीने इथे तिथे ठोकून पाहिलं. म्हणाला, मधल्या चार पायऱ्या गेल्यात, कापून नव्या टाकू. मी म्हटलं, नुसत्या रंगाचा प्रश्न आहे. तो हसला. तो हसला की माझं डोकं फिरतं. मागे मी नळ दुरुस्त केला होता, तेव्हापासून हसतोय.
जाताना सांगून गेला, रंगवायचंच असेल तर आधी गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढा, कोरडं करा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. मी म्हटलं, माहितीय. (माहीत नव्हतं. आता आहे. म्हणजे खोटं नाही.)

७ फेब्रुवारी
तारेचा ब्रश. तीन पायऱ्या चकचकीत केल्या. खांदा गेला कामातून. मग धुतलं. गोडं पाणी एक दिवसाआड येतं आणि बायको पिंपावर नागिणीसारखी बसलेली असते. म्हणून बोअरचं घेतलं. ते जरा खारट आहे, साबणाला फेस येत नाही. पण पाणी ते पाणी. प्रायमर उद्या. लोखंडाला रात्रभर वारा लागू दे, घाई केली की काम बिघडतं.

८ फेब्रुवारी
सकाळी तिन्ही पायऱ्या नारिंगी. एका रात्रीत. बायकोने विचारलं, हा कुठला रंग निवडलात. मी म्हटलं, प्रायमर आहे. तिने पायरीवर बोट फिरवलं आणि ते माझ्या बाहीला पुसलं.

१० फेब्रुवारी
विचारांती निर्णय. गंज काढत बसण्यात अर्थ नाही. आपण काढतो, तो येतो. गंज हाही एक थरच आहे, लोखंडाला घट्ट धरून बसलेला. त्याच्यावरच रेड ऑक्साइडचा प्रायमर मारला. गंजाचा आणि त्याचा रंग जवळपास सारखा, त्यामुळे कुठे लागला, कुठे राहिला, हे कळत नाही. काम भराभर झालं.

१३ फेब्रुवारी, दुपार
नीट लिहायचंय.
सातव्या पायरीवर एक पापुद्रा आला होता. स्क्रूड्रायव्हरने खरवडायला गेलो. स्क्रूड्रायव्हर आत गेला. मुठीपर्यंत. बाहेर काढला तर भोकातून खालची फरशी दिसली आणि माझी चप्पल दिसली.
तसाच खाली येऊन अंगणात बसलो. बायको बाजारात होती, बरं झालं.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळ
पुट्टी भरली. सफाईदार काम झालंय. बोट फिरवलं तर कळतसुद्धा नाही. कुणालाही कळणार नाही.
हेच मनातून जात नाही. कुणालाही कळणार नाही.

१६ फेब्रुवारी
बाटलीहिरव्या ऑइल पेंटचा दुसरा हात झाला. जिना नवरीसारखा दिसतोय. समोरच्या घरातले बघायला आले. रंगकाम कुणाकडून करून घेतलं, असं विचारत होते. बायकोने फोटो काढून लेकीला पाठवला. तिचा लगेच निरोप आला: भिंगरी आता हात न धरता जिने चढते, प्रत्येक पायरीवर दोन्ही पायांनी उडी मारते, आजोबांना दाखवायचंय म्हणते.
जेवण गेलं नाही. पित्त झालं असावं.

१८ फेब्रुवारी
मी घाबरलेलो नाही. गुडघ्यामुळे वर जात नाही, एवढंच.
आज बायको खोली झाडायला वर गेली. मी जिन्याखाली दोन्ही हात पसरून उभा. ती सातवीवर आली तेव्हा मी हात आणखी वर केले. वरून तिने विचारलं, हे काय चाललंय. मी म्हटलं, खालून रंग बघतोय. उतरतानाही उभा राहिलो. काही झालं नाही. म्हणजे पायरी मजबूत आहे. किंवा बायको हलकी आहे. किंवा तिने पाय कडेला ठेवला. सातवीवर उडी कुणी मारलेली नाही अजून.

१९ फेब्रुवारी
रंगाला फोड आलेत. खालच्या तिन्ही घासलेल्या पायऱ्यांवर आणि कठड्यावर, कांजिण्या आल्यासारखे. एक फोड दाबला. तपकिरी पाणी आलं. जिभेला लावून बघितलं. खारट.
बोअरच्या पाण्याची आठवण झाली. पण ते नसणार. हवाच फार खारट आहे. सातवीवर मात्र एकही फोड नाही. सर्वात उत्तम काम तिथेच झालंय.

२१ फेब्रुवारी
उपाय सापडला. सहावी, सातवी, आठवी, तिन्ही पायऱ्यांवर या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत दोरी बांधून मधोमध रोपांच्या प्लॅस्टिकच्या कुंड्या टांगल्या. शोभा येते आणि वाटही अडते. बायकोने दहा मिनिटांत काढल्या. मग मी सुचवलं, लेकीने खालीच झोपावं, मी स्वयंपाकघरात पथारी टाकतो. वर डास आहेत, वारा आहे, पाल आहे. तिने कंबरेवर हात ठेवून विचारलं, मग गेले पंधरा दिवस जिन्याला लाडाने रंगवत होतात ते कशासाठी. वारा फार आहे, एवढंच पुन्हा म्हटलं.

२२ फेब्रुवारी
मेहुण्याचा नंबर दोनदा लावला, दोनदा कापला. तिसऱ्यांदा त्याने उचलला. काही सुचेना, म्हणून तब्येत विचारली. तो घाबरला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, मी कधी त्याची तब्येत विचारलेली नाही. ताईला काही झालंय का, असं सारखं विचारत होता. मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्याने विचारलं, आणि जिना काय म्हणतोय तुमचा, आणि हसला. मी म्हटलं, एकदम फर्स्ट क्लास, हत्ती चढला तरी हलणार नाही.
हत्ती कशाला म्हणालो कोण जाणे.

२४ फेब्रुवारी
उद्या दुपारी येतायत. संकल्प: आज जेवण झाल्यावर बायकोला सगळं सांगायचं. स्क्रूड्रायव्हर, पुट्टी, चप्पल, सगळं. ओरडेल, ओरडू दे.

२४ फेब्रुवारी, जेवणानंतर
ताटं उचलताना तीच म्हणाली, जिना खरंच छान झालाय हो, मला वाटलं नव्हतं तुमच्याने होईल. असं ती कित्येक वर्षांत बोललेली नाही.
सांगितलं नाही. उद्या सकाळी नक्की.

२५ फेब्रुवारी, दुपार. वरच्या खोलीतून
डायरी खिशात होती म्हणून लिहितोय. दुसरं करण्यासारखं काही नाही.
सकाळी सांगायला गेलो तर ही गादीची वळकटी डोक्यावर घेऊन जिन्याशी उभी. पाय पहिल्या पायरीवर. गादीसकट ती सातवीवर गेली तर काय होईल ते मला डोळ्यांसमोर दिसलं. सांगायला हवं होतं. तोंडातून निघालं ते, दे इकडे, बायकांचं काम नाही हे. ती रागावून आत गेली.
मग मी चढलो. सातवी ओलांडून आठवीवर जायचं पक्कं ठरवलं होतं. पण गादीमुळे पाय दिसेनात. मनात मोजत होतो, पाच, सहा, आणि भीतीने मोजणं चुकलं. सातवीवर पूर्ण वजन टाकलं.
आवाजसुद्धा झाला नाही फारसा. पायरी बिस्किटासारखी गेली. मांडीपर्यंत पाय आरपार, गादी खाली, हातात कठडा आणि कठड्याचे फोड फुटून तळहात लाल. कसा वर ओढला गेलो देव जाणे. उरलेल्या पायऱ्या रांगत चढलो. बायको धावत आली, वर बघितलं, खाली पडलेला तुकडा बघितला आणि भावाला फोन करायला आत पळाली.
तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली.
भिंगरी आधी उतरली. मी वर दिसलो. टाळ्या पिटत सरळ जिन्यावर. एक पायरी, उडी. दुसरी, उडी. लेक अजून रिक्षातून बॅगा काढत होती. मी ओरडलो, येऊ नकोस. तिला वाटलं, खेळ आहे. खिदळत आणखी दोन उड्या मारल्या. चौथी पायरी करकरली. मला ऐकू आली.
मग मी गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, की धरा तिला, जिना सडलाय, मला माहीत होतं, मी पुट्टी भरली, मी कुणाला सांगितलं नाही. हे सगळं रडत ओरडलो, हेही लिहून ठेवतो.
लेकीने बॅग टाकून झेप घेतली आणि पाचवीवरून तिला उचललं.
आता खाली सगळे जमलेत. समोरच्या घरातलेसुद्धा. शिडी घेऊन मेहुणा निघालाय. बायकोने दोरीला बांधून पिण्याच्या पाण्याची बाटली वर पाठवली. गोडं पाणी.

२६ फेब्रुवारी
काल मेहुणा आला, मला शिडीवरून उतरवलं, तेही पाठीला हात लावून. हसेल म्हणून वाट बघत होतो. हसला नाही. सातव्या पायरीचा तुकडा हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट करत राहिला आणि मग लेकीच्या कडेवरच्या भिंगरीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
लेकीने विचारलं, बाबा, आधी का नाही सांगितलंत. मी म्हटलं, भीती वाटत होती. कसली, म्हणाली. मी तिच्या मामाकडे बोट दाखवलं. हा हसेल याची. सांगताना माझं मलाच ऐकवेना.
आज त्याने जिना कापून नेला. अंगण मोकळं दिसतंय. दोघी खाली झोपतायत, मी स्वयंपाकघरात. नवा जिना येईपर्यंत मी कशालाही हात लावायचा नाही, असं बायकोने ठरवलंय आणि मला मान्य आहे.
मेहुणा निघताना एक गोष्ट मात्र मी त्याच्या नजरेस आणली. बाकी सगळीकडे फोड आले, पण सातवीच्या तुकड्यावरचा रंग आजही जसाच्या तसा आहे. निदान तिथलं काम तरी चांगलं झालं होतं.
तो म्हणाला, तिथे गंजायला लोखंडच उरलं नव्हतं, भाऊजी.