ठमीचे उरलेले दूध

सूनबाई,

तुझे वर्ग असतात त्या दुपारी ठमी दूध पीत नाही. एरवी शेवटच्या थेंबापर्यंत संपवते. तू घरी नसतेस म्हणून ती खंतावते, असे तू ठरवलेस आणि रसायनशास्त्र व बालविकास हे दोन्ही विषय सोडत असल्याचे उद्या कॉलेजात कळवणार आहेस. त्याआधी हे वाच.

आज दूध पुढे ठेवताच ठमी फुरंगटली. "आजोबा चिक्कू आहेत! एवढुस्संच देतात. मग नक्कोच मला!"

मी तुझ्याइतकेच दूध मापाने मोजून देतो, त्यामुळे आरोपाची शहानिशा करणे भाग होते. तू उंच पेल्यात देतेस. मी, सांडू नये म्हणून, पसरट वाडग्यात. तेच दूध तिच्यादेखत पेल्यात ओतले. "आत्ता कसं!" म्हणून ती पिऊ लागली. खात्रीसाठी अर्ध्यावर पुन्हा वाडग्यात ओतले, तर तिने तोंड फिरवले. चार वर्षांच्या मुलांना उंच दिसते तेच जास्त वाटते, असे तुझेच बालविकासाचे पुस्तक सांगते.

आम्ही बागेत जातो आहोत. चहा थर्मासमध्ये आहे. उद्या कॉलेजात वर्गालाच जा.

दूध उरत होते ते माझ्या वाडग्यामुळे.