उणे तीन किलो

१२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. सहा वर्षांनी दादाचं पत्र म्हटल्यावर तू पाकीट दोनदा उलटसुलट करून बघितलं असशील. इकडे सगळं ठीक आहे. काम आहे म्हणून लिहितोय. गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांतलं तुझ्याइतकं कुणाला कळत नाही, असं आपल्या शेडवरचा जुना रंगारी सांगत होता. पत्ताही त्यानेच दिला.

मी एक जुनी पिकअप घेतलीय. तिच्या हौद्यात बसेल अशी झोपायची खोली बांधतोय. अॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपांचा सांगाडा, आतून प्लायवूड आणि वर उचलणारं छत. चालताना छत खाली. मुक्कामाला थांबलं की दोन कड्या काढायच्या, गॅसचे दांडे छत दोन हात वर नेतात आणि भोवतीचं कॅनव्हास ताणलं जातं. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, बॅटरी. हे खूळ तुझ्या वहिनीचं. म्हणाली, "जन्मभर लोकांच्या गाड्यांना बॉड्या बांधल्यात, आता एक माझ्यासाठी बांधा." घराला कुलूप लावून चार महिने फिरायचं आहे. पहिला मुक्काम कुठे, ते तिने ठरवून टाकलंय. मला विचारलेलं नाही.

आता कामाचं. वजनाने गाडी मागे चार बोटं बसते. दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवू की सगळा संच बदलू? मापं मागच्या पानावर आहेत.

वजनाचा कागद वहिनी ठेवते. गाडीत जाणारी प्रत्येक वस्तू त्यात लिहिलेली. पहिल्या ओळीत मी, ब्याऐंशी. दुसऱ्या ओळीत ती, एकसष्ट. सामान घरच्याच काट्यावर मोजतो. ती वस्तू हातात घेऊन काट्यावर उभी राहते, मी वाकून आकडा वाचतो आणि त्यातून एकसष्ट वजा करतो. मी उभा राहिलो तर माझंच पोट आड येतं. मागच्या महिन्यात ती शेगडी घेऊन उभी राहिली आणि आकडा आला अठ्ठावन्न. म्हणजे शेगडी उणे तीन किलो. आम्ही पोट धरून हसलो. वहिनी म्हणाली, "अशा आणखी चार शेगड्या घ्या, मग पाटे नकोत." काटा बिघडलाय, नवा आणायला हवा.

ट्रॉलीच्या हुकाचा जुना विषय मला उकरायचा नाही. तूही उकरू नकोस.

तुझा,
दादा


३० एप्रिल

धाकट्या,

पाटे मिळाले. सोबत चिठ्ठी नव्हती, आणि मी ती मागावी असं माझं तोंडही नाही. गोणपाटावरची दोरी मी कापायला घेतली तर वहिनीने हात धरला. "ही माझी गाठ आहे," म्हणाली. "नऊ वर्षांचा होता, डब्याच्या फडक्याला हीच मारायला शिकवली होती." ती गाठ सोडवायला तिला अर्धा तास लागला.

पाटे मी बसवलेले नाहीत.

काटा बिघडला नव्हता. त्याच दुपारी ती आत गेल्यावर मी त्यावर उभा राहिलो आणि पोट आत ओढून आकडा वाचला. ब्याऐंशी. शेगडी चार किलोची आहे. एवढी वजाबाकी मला येते. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तपासण्या होऊन गेल्या होत्या. वहिनीचं दुखणं पोटात आहे आणि पसरलेलं आहे. फिरायला जायचं असेल तर आत्ताच जा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या.

वहिनी म्हणाली, "अहो, बसने जाऊ. धाकट्याकडे दोन दिवस राहू आणि परत येऊ." मी म्हटलं, छत होऊ दे. छत झालं तेव्हा म्हटलं, कॅनव्हास शिवून येऊ दे. ती हलकी होत गेली तशी कागदावर जागा होत गेली, आणि मी ती भरत गेलो. आधी दुसरी बॅटरी घातली, मग मोठी टाकी. आपण इतके नालायक आहोत हे मला माहीत नव्हतं.

खरं कारण सांगतो. तुझ्या दारात रिकाम्या हाताने उभं राहायचा मला धीर नव्हता. वाटायचं, गाडी घेऊन गेलो तर तू आधी कड्या तपासशील, खाली वाकून पाटे बघशील, आणि तेवढा वेळ तरी माझ्या तोंडाकडे बघणार नाहीस.

रविवारी पाटे सोडून बाकी गाडी पूर्ण झाली. वहिनीला उचलून आत निजवलं. एक्केचाळीस किलो. छत वर केलं. खिडकीतून आपल्या शेडचा पत्रा आणि ग्राइंडर दिसत होता. बराच वेळ बघून ती म्हणाली, "पोचलो का हो धाकट्याकडे?" मला वाटलं भ्रमात बोलतेय. ती माझी चेष्टा करत होती. मला हसता आलं नाही, तेव्हा म्हणाली, "आता तुमच्याने नेणं होणार नाही. त्यालाच बोलवा. आणि आधी ते लिहा. ते लिहिल्याशिवाय तो येणार नाही, आणि येऊही नये."

ते मी तिला मार्चमध्ये सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिच्याजवळ उरलेल्यांतले दोन दिवस.

ट्रॉलीचा हुक तुटला तेव्हा गिऱ्हाइकासमोर मी तुझ्याकडे बोट दाखवलं. तू म्हणालास, "माझाच जोड असेल, दादा." दुसऱ्या दिवशी गेलास. त्यानंतर तू वेल्डिंगला हात लावला नाहीस, म्हणून पाट्यांच्या कामाला लागलास, हे रंगाऱ्याने सांगितलं तेव्हा मी चहा पीत होतो. तो मी संपवला.

फोन करता आला असता, पण तोंडाने हे मला बोलता येणार नाही. रंगारी स्वतः पत्र घेऊन येतोय. त्याच्याबरोबर निघ. बसने ये, कुणाच्या ट्रकमधून ये. हातातलं काम पुरं व्हायची वाट बघू नकोस. ती अजून गाडीतच निजते. छत वर ठेवलंय.

तो जोड ज्याने मारला होता,
तो तुझा दादा