जाळीचे चौकोन

प्रिय बारक्या,

तारली माशांचा थवा किनाऱ्याकडे वळला आहे. आमच्या मत्स्यसंशोधन केंद्राच्या पाहणी बोटीच्या कप्तानाने दुपारी वायरलेसवर तशी खात्री दिली. उद्या सकाळच्या भरतीबरोबर तो तुमच्या वीजकेंद्राशी, समुद्राचं पाणी आत ओढतात तिथे, पोचेल. तुम्हाला आत फोन नेऊ देत नाहीत, म्हणून ही चिठ्ठी संध्याकाळच्या डब्यातून पाठवते आहे. आधी जेव, मग वाच. उलटं केलंस तर डबा तसाच परत येईल.

मी माशांवर बोलायला लागले की तू जांभया देतोस. आज देऊ नकोस. हा वीतभर मासा खोल समुद्रात फारसा जात नाही. पाण्यात तरंगणारे बारीक जीव हे त्याचं खाणं, आणि ते किनाऱ्यालगत भरपूर. यंदा बाहेरचं पाणी लवकर तापलं, म्हणून सगळा थवा अरुंद पट्ट्यात दाटलाय. रात्री हे मासे विखुरतात, उजाडलं की अंगाला अंग लावून गोळा होतात. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघून वळतो. शेजारी पंपाच्या ओढीत सापडला की बाकीचे त्याच्यामागे. तूही असाच होतास. मी तळ्यात उडी मारली की तुझी उडी मागोमाग, पोहता येवो न येवो! मार मात्र मलाच.

पाणी आत घेण्याच्या तोंडावरची जाळी माशांनी तुंबली की तुमचे साहेब तुला हाक मारतील. पाणबुड्या तू एकटाच. दोन्ही पंप थांबवले तर शहर अंधारात जाईल, एक चालू राहू दे, पाच मिनिटांचं तर काम, तुझ्यासारखा पट्टीचा दुसरा कोण, असं गोड बोलतील. आणि तू फुशारून उतरशील. गेल्या खेपेसारखाच.

हो, कळलंय मला. जिन्यावरून पडलो म्हणालास, मी मलम दिलं. काल तुझी बायको सहज बोलून गेली, पाठीवर काळेनिळे चौकोन आहेत, एकाला एक लागून. जिन्याने चौकोन उमटत नाहीत रे. माझ्या टेबलावर तुमच्या जाळीवरून खरवडलेली तारली येते, तिच्या अंगावर असतात ते. तुझ्या बायकोला मी काही सांगितलेलं नाही. चिठ्ठीही चिकटवून दिली आहे. पण दोन्ही पंप बंद होऊन त्यांच्या खटक्यांना कुलूप लागून किल्ली तुझ्या हातात येईपर्यंत शिडीवर पाय ठेवू नकोस. साहेबांना मी थव्याचं कळवलं, बघू म्हणाले. त्या ‘बघू’साठीच मी उजाडायच्या आत गेटवर येते आहे. थवा आणि मी बहुधा एकदमच पोचू.

तुझीच, या वेळी तुझ्यामागे उडी मारता न येणारी,
ताई