हिरव्या बाटलीतलं थंड कुणी प्यालं

आबा, परवा मिरजेला दाताच्या डॉक्टरणीकडं गेले व्हते. माझी दाढ कशानं किडली ते तुमाला सांगायला नगं, तुमच्याच गुळानं. पोरगी लय गोड, माझ्या नातीच्या वयाची. तोंडात कापूस कोंबला आन् बारक्या पिचकारीतनं दातावर निळं मलम सोडाय लागली. मला कुटं गप बसवतंय, कापसातनंच विचारलं, "काय गं, निळी शाई लावतीस व्हय?" तर म्हणती कशी, "ॲसिड आहे आजी. फॉस्फरिक ॲसिड." मी अशी ताडकन उठले की तिचा दिवा तिच्याच कपाळाला आदळला. बिचारी कपाळ चोळत मलाच समजावाय लागली. जरासं लावायचं, दात खडबडीत झाला की लगेच धुवायचं, म्हणजे वरचं सिमेंट धरतं. मी म्हटलं, "आगं, हे तर गुळात घालत्यात." ती हसली. "गुळात घालतात, साखर कारखान्यात घालतात, काळ्या कोल्ड्रिंकमध्येही थोडं असतं. खत यापासून होतं, लोखंडाचा गंज यानं निघतो. बाटलीतलं नुसतं, दाट प्यायलं तर मात्र घसा जाळतं. पाण्यात पातळ केलेलं थोडंसं असलं तर काही होत नाही." मग मी तोंड उघडलं. दुखलं न्हाई. कापसाच्या कडंनं जिभंला निस्तं आंबट लागलं. आईला बी पयल्यांदा हेच लागलं असंल, असं मनात आलं आन् डोळं भरलं. पोरीला वाटलं म्हातारीला कळ आली. तिनं दोनदा माफी मागितली आबा. तिची काय चूक नसताना. तुमाला जलमात एकदा जमली न्हाई.

गुऱ्हाळ मला अजून तसंच दिसतंय. काहिलीत रस उकळतोय, आई चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाडं आत सारतीया, तिचं तोंड तापून लाल झालंय. तुमी मोटं गुळवे, बोटावर पाक घेऊन गूळ झाला का ते सांगणारे. "माझ्या गुळात मळी काढायला भेंडीच्या पाण्याशिवाय काय न्हाई," असं कराडच्या बाजारात छाती ठोकून सांगायचा. आन् ढेप पिवळीधमक निघावी म्हणून त्याच बाजारातनं ॲसिडचा कॅन आणायचा. कॅनवर नाव हाय, कवटीचं चित्र हाय, मग लोकांच्या डोळ्यावर येतंय. म्हणून तुमी काय केलं, तर थंडाच्या, म्हंजे कोल्ड्रिंकच्या, हिरव्या बाटलीत ते वतून घेतलं, बूच लावलं आन् बाटली पाण्याच्या घागरीमागं सारली. त्याला रंग न्हाई, वास न्हाई. वरनं बगितलं तर थंडच. खरं सांगते, काहिलीत तुमी घालत व्हता ते येवडं थोडं, की त्या गुळानं कुणाचं पोट बी दुखलं न्हाई. तेवडं चारचौघांत कबूल केलं असतं तर तुमचा गूळ इकणाऱ्या अडत्यानं तुमाला काय फाशी दिली नसती. पर तुमाला भेंडीवालं म्हणवून घ्यायचं व्हतं.

तर आई उठते, घाम पुसते, घागरीकडं येते. तिला बाटली दिसते. मी भेंड्या ठेचत बसलीया, ती माझ्याकडं बगते. असं हसणं मी तिच्या तोंडावर कवा बगितलं नव्हतं, नव्या नवरीगत. तुमी तिला बाजारातनं कवा काय आणलं व्हतं का आबा? एक वेणी? एक चिक्की? तिला वाटलं, आज यांना माझी आठवण झाली. बूच काढून तिनं मोटा घोट घेतला, उन्हातनं आलेलं माणूस घेतंय तसा. मग बाटली पडली. ती गळा धरून खाली बसली, आन् तुमी काहिलीपासनं वरडला, "कुणी सांगितलं व्हतं माझ्या बाटलीला हात लावायला!" तुमच्या तोंडचं पयलं वाक्य ते. मग मिठाचं पाणी पाजून तिला वकायला लावलं. जाताना जळालेलं येताना परत जळालं. आता त्या डॉक्टरणीला मी मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, असं काय प्यालं तर वकायला लावायचं न्हाई, तोंड पाण्यानं खळखळून धुवायचं, बाटली हातात घ्यायची आन् तडक दवाखाना गाठायचा.

बाटली तुमी घेतली न्हाई. अडत्याच्या जीपमधनं मिरजेला नेलं, तोबी संगं आत आला. डॉक्टर विचारतोय, "काय प्याल्या या?" तुमी म्हणता, "थंड." "कसलं थंड?" "बाजारातलं." मी म्हटलं, "न्हाई, आबांच्या बाटलीतलं..." आन् तुमी माझा दंड असा दाबला की पाच बोटं उमटली. डॉक्टरनं परत विचारलं. तुमी परत थंडच म्हणाला, अडत्याकडं बगत. बायको खाटंवर तडफडतीया आन् तुमाला गुळाची पडलीया. त्यानंतर आई जगली ती पेजेवर आन् आंबिलीवर. भाकरीचा तुकडा तिच्या गळ्याखाली उतरला न्हाई. आवाज गेला तो गेलाच, चुलीवर वल्लं लाकूड फुसफुसावं तसं बोलायची. आन् तुमी? गावभर सांगत फिरला, थंड म्हंजे इख, माझ्या बायकोचा घसा जाळला. जत्रंतनं थंडवाल्याची गाडी हाकलून लावली. लोक तुमाला मान द्यायला लागले, "आबा बोलले म्हंजे खरं." मला लय हसू यायचं, त्या बिचाऱ्या गाडीवाल्याला सोडावॉटरपायी फासावर चढवलेला बगून. असं हसू, की नंतर जेवण जात नव्हतं.

आता ऐका. तुमचा नातू, माझा भाचा, गुऱ्हाळ चालवतोय. चांगलं चालवतोय, खरोखर भेंडी आन् चुन्यावर. खोक्यावर तुमचा फोटो छापलाय, फेटा बांधलेला, खाली 'आजोबांचा रसायनमुक्त गूळ'. मला फोन केला, "आत्या, तू फक्त मोबाइलपुढं येवडंच म्हण, आमच्या आबांनी केमिकलला कवा हात लावला न्हाई." मी म्हटलं, येते की, पावडर लावून येते. गेले. त्याच्या बायकोनं, सूनबाईनं, ऊन पाणी दिलं पाय धुवायला. मी पाय धुवाय वाकले आन् मोटरीच्या खोलीच्या खिडकीत बगितलं, तर थंडाची प्लास्टिकची बाटली. आत पाण्यागत पांढरं.

"हे काय रं?"

"ते व्हय, ठिबकचं ॲसिड हाय. नळ्यांत क्षार साठत्यात, त्यानं मोकळ्या व्हत्यात. कॅन जड पडतोय गं."

"आन् बाटलीवर लिवलंय काय?"

"आत्या, घरात सगळ्यांना म्हाईत हाय."

आबा, तुमच्या तोंडचंच वाक्य वाटलं मला ते. मी खुर्चीवर बसले, पदर सारखा केला, म्हटलं, "कर चालू." आन् मोबाइलपुढं सगळं सांगितलं. भेंडी, घागर, हिरवी बाटली, मिठाचं पाणी, माझा दंड. भाच्याचं तोंड उतरत गेलं. "आत्या, बास कर, हे काय टाकता येतंय व्हय?" असं म्हणून तो मोबाइल बंद करायला लागला. सूनबाई गळ्यावर हात धरून उभी व्हती. म्हणाली, "चालू राहू द्या. काल मी ती बाटली फ्रीजात ठेवणार व्हते." मग तीच पुढं झाली, हातात मोजं घातलं, बाटली कॅनमदी रिकामी केली, कॅनला कुलूप लावलं आन् बाटली कात्रीनं आडवी कापून टाकली. भाचा म्हणला, "खोकी छापून आल्यात आत्या, फोटोचं काय करू?" मी म्हटलं, "राहू दे. गूळ चांगला हाय, म्हाताऱ्याचा फेटा बी चांगला हाय. फक्त मला खोटं बोलायला लावू नगस."

एक खोकं मला बी दिलंय. समोर हाय, तुमी माझ्याकडंच बगताय. मनात आलं व्हतं, ह्यात संडास धुवायची बाटली ठेवावी, तुमाला शोभली असती. पर खायच्या खोक्यात तसलं ठेवायचं नसतंय.

हे पत्र कुटं टाकणार न्हाई. तुमी वर गेला तरी गावात तुमाला अजून लय मान हाय, पोस्टमन बी घाबरंल. येवडं एक मात्र तुमच्या कानावर घालते. आई जायच्या आदी मी तिला पेज पाजत व्हते, तवा तिनं फुसफुसत विचारलं, "बाटली तर थंडाचीच व्हती गं. मग आतलं थंड कुणी प्यालं?" मला म्हाईत व्हतं. बाजारात तुमी आन् अडत्यानं निम्मं निम्मं प्यालं, मी गाडीत बसून बगत व्हते. मी म्हटलं, "मी प्याले आई. आबांनी तुझ्यासाठीच आणलं व्हतं, वाटंत मीच संपवलं." तिनं हळूच माझ्या पाठीत धपाटा घातला. "अवदसे," म्हणाली, "तरीच." आन् हसली, त्या दिशी घागरीपाशी हसली व्हती तशी.

ते हसू तुमच्या नावावर गेलं आबा. आन् मी प्याले म्हणून सांगितलं खरं, पर थंड कसं लागतंय ते मला आजवर म्हाईत न्हाई.